पत्रिका जुळली नाही, ती डॉक्टर झाली

गटातल्या आम्ही सगळ्याजणी आज पुन्हा माइकसमोर बसलोय. मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब बाजूला राहिला आणि वाद रंगला तो एका पोरीवरून. आमच्यातल्या एका ताईंच्या लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळतोय, पण कॉलेज लांबच्या जिल्ह्यात. कुणी म्हणालं, पाठवा. कुणी म्हणालं, पोरीला एवढ्या लांब कशाला? म्हणून आज याहून कितीतरी लांब शिकायला गेलेल्या दोन मुलींची गोष्ट सांगतो. त्या चीनच्या.

त्या काळी चीनमधून हजारो माणसं पोटासाठी परदेशी जात. अमेरिकेत रेल्वेचे रूळ टाकायला चिनी मजूर होते. पुढे १८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. विद्यार्थ्यांना मात्र येता येत होतं. चीन सरकारने १८७२ पासून १२० विद्यार्थी अमेरिकेला शिकायला पाठवले होते. सगळे मुलगे. मुलगी एकही नाही.

यांगत्से नदीकाठी जिउजियांग नावाचं शहर आहे. तिथे १८७३ साली कांग छंग जन्मली. घरातली सहावी मुलगी! शेजारच्या मुलाशी लग्न ठरवावं, तर पत्रिका जुळेना. मग दोन महिन्यांची असताना आईबापांनी तिला गर्ट्रूड हाउ नावाच्या अमेरिकन मिशनरी शिक्षिकेला देऊन टाकलं.

त्याच गावात, त्याच साली शी मेइयूचा जन्म झाला. तेव्हा लहान मुलींची पावलं पट्ट्यांनी करकचून बांधत. हाडं मोडत, पण पाऊल लहान नसेल तर चांगलं स्थळ मिळत नसे. मेइयूच्या आईवडिलांनी तिचे पाय बांधले नाहीत. लोक हसले, नावं ठेवली. वडिलांनी ठरवलं, हिला डॉक्टर करायचंय. मग ती हाउबाईंच्या शाळेत शिकली.

१८९२ साली हाउबाई या दोघींना घेऊन अमेरिकेला गेल्या. मिशिगन विद्यापीठात शिकून दोघी १८९६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्याआधी दहा वर्षं, १८८६ साली, आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतच डॉक्टर झाल्या होत्या. पण त्या आजारी होऊन परतल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. कुणाला औषध द्यायचं राहूनच गेलं.

या दोघी त्याच वर्षी गावी परतल्या. थोडी विश्रांती घ्यावी म्हणेपर्यंत दाराशी बाया यायला लागल्या. पुरुष डॉक्टरला दुखणं दाखवायची लाज, म्हणून कितीजणी अंगावर काढत असत. आता आपल्या भाषेत बोलणारी बाई नाडी बघत होती. १९०१ साली तिथे दवाखाना उभा राहिला. शिकागोच्या एका डॉक्टरने पत्नीच्या आठवणीसाठी त्याला पैसे दिले होते. पण दोघी किती पुऱ्या पडणार? मेइयूने गावच्या मुलींना नर्सिंग शिकवलं, पुस्तकं चिनीत आणली. १९०३ साली कांग छंग नानचांग शहरात गेली. तिथल्या लोकांनीच तिला बोलावून घेतलं होतं. जिची पत्रिका जुळली नाही, तिच्यासाठी आख्खं शहर निरोप धाडत होतं.

मैत्रिणींनो, मुली धाडसाने गेल्या हे खरंच. पण मेइयूच्या आईने आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे टोमणे सोसले, तेव्हा कुठे ती चालत शाळेत गेली. आम्हाला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

लांब पाठवायचं म्हणजे डोळे मिटून पाठवायचं, असं मात्र नाही. वसतिगृह कसं आहे, फी किती, अडचणीला फोन कुणाला करायचा, हे आधी जाऊन बघायचं. आमच्यातल्या दोघी ताईंबरोबर जाणार आहेत. पैसे कमी पडले तर गटातून कर्ज देता येईल. आणि सगळ्यात आधी पोरीला विचारायचं. त्या दिवशी आम्ही तासभर वाद घातला, पण तिला कुणी विचारलंच नाही!

फॉर्मची शेवटची तारीख सोमवार आहे. तुमच्या गावात अशी कुणाची लेक थांबली असेल, तर आजच तिच्या घरी जाऊन बसा.