बेपत्ता मनुष्य आणि पुराव्याचा कायदा

पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. पुढे एक प्रेत त्यांचे म्हणून ओळखून त्यास अग्नी दिल्याचे वृत्त आले. पण पुण्यात त्यावर साऱ्यांचा विश्वास बसला नाही. पार्वतीबाई स्वतः त्या मोहिमेत होत्या. परत आल्यावर त्यांनी सौभाग्यलेणी उतरविली नाहीत, आणि १७८३ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल बावीस वर्षे, त्या सुवासिनी म्हणूनच राहिल्या. मधल्या काळात भाऊसाहेबांचे नाव सांगणारा एक तोतया उभा राहिला. १७७६ साली त्याने कोकणात हजारो माणसे जमविली आणि त्याच वर्षी तो पकडला जाऊन चौकशीअंती त्याला देहदंड झाला. एका माणसाच्या जगण्यामरण्याचा निकाल लागला नाही, म्हणजे घरात आणि राज्यात काय काय उद्भवते, याचे याहून बोलके उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

धर्मशास्त्राने अशा प्रसंगासाठी बारा वर्षांची मुदत सांगितली होती. तेवढा काळ वाट पाहूनही वार्ता न लागल्यास पळसाच्या पानादेठांचा किंवा दर्भाचा पुतळा करून त्याचा दाह करावा आणि मग उत्तरक्रिया करावी, असा तो विधी. भाऊसाहेबांच्या बाबतीत ही मुदत १७७३ सालीच उलटली होती. पण पार्वतीबाईंच्या कुंकवापुढे ती मुदत चालली नाही.

इंग्रजांच्या कायद्यात बाराऐवजी सात वर्षे धरली जात. सतराव्या शतकाच्या आरंभी द्विभार्याप्रतिबंधक कायद्यात आणि पुढे १६६६ साली मालमत्तेच्या एका कायद्यात ती मुदत आली, आणि जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातून ती हिंदुस्थानात रूढ झाली. मृत्यूचे अनुमान हा पुराव्याचा प्रश्न आहे, धर्मविधीचा नव्हे, असे न्यायालयांनी ठरविल्यामुळे दिवाणी व्यवहारापुरती बारा वर्षांची मुदत मागे पडली. जुन्या कायद्याची १०७ आणि १०८ ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात ११० आणि १११ या क्रमांकांनी आली आहेत. आशय तोच आहे.

ही दोन कलमे जोडीने वाचावी लागतात. एखादा मनुष्य गेल्या तीस वर्षांत केव्हातरी जिवंत होता असे दिसले, तर तो मेला असे म्हणणाराने ते सिद्ध करावे, हे पहिले कलम. पण तो जिवंत असता तर ज्यांना त्याची वार्ता साहजिकच कळली असती, अशांना सात वर्षे ती कळली नाही, असे शाबीत झाले की पारडे फिरते. तो जिवंत आहे असे म्हणणाराने ते सिद्ध करावे, हे दुसरे. श्रोतृवर्गाने येथे एक भेद ध्यानी घ्यावा. ‘तो मेला’ असे कायदा म्हणत नाही. शाबितीचा बोजा कोणाच्या खांद्यावर, एवढेच तो सांगतो, आणि विरुद्ध पुरावा आला की ते अनुमान कोसळते. ‘साहजिकच कळली असती’ या शब्दांनाही मोल आहे. आईला दर महिन्यास पत्र धाडणारा मुलगा एकाएकी गप्प होणे वेगळे, आणि घराशी भांडून पुन्हा तोंड न दाखविण्याची शपथ घेऊन गेलेल्याचे गप्प राहणे वेगळे. दुसऱ्याच्या मौनावरून मृत्यूचे अनुमान काढताना न्यायाधीश सहजच कचरतो.

सर्वांत घोटाळा होतो तो तारखेविषयी. सात वर्षे भरली, तेव्हा मनुष्य गेला त्याच दिवशी मेला, किंवा सात वर्षे संपली त्या दिवशी मेला, असा लोकांचा समज असतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली एका महंताच्या वारशाच्या खटल्यात सांगितले की, दावा दाखल झाला तेव्हा तो मनुष्य हयात नव्हता, एवढेच अनुमान निघते. केव्हा मेला याविषयी कोणतेही अनुमान नाही, ते पुराव्याने सिद्ध करावे.

हा भेद वकिली काथ्याकूट वाटेल. पण त्याने संसार बुडतात. पती बेपत्ता झाला, त्याच्या विम्याचे हप्ते थांबले, पॉलिसी खंडित झाली, आणि सात वर्षांनी पत्नी विमा महामंडळाकडे गेली. मृत्यू बेपत्ता झाल्याच्या दिवशीच धरावा, म्हणजे तेव्हा पॉलिसी चालू होती, हे तिचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ते नाकारले. सहा वर्षे आणि तीनशे चौसष्ट दिवसांनीही हे अनुमान निघत नाही, आणि निघाले तरी ते मागे जात नाही, असा त्याचा आशय. तर्कदृष्ट्या निर्णय बिनचूक आहे; पण मिळवता माणूस नाहीसा झालेल्या घराने सात वर्षे हप्ते कोठून भरावे, याचे उत्तर तर्काजवळ नाही. घरातील कोणी नाहीसे झाल्यास पोलिसांत त्वरित नोंद करावी आणि शक्य तर हप्ते चालू ठेवावे, हे त्यातून निघते.

प्रत्यक्ष पुरावा असेल तर मात्र सात वर्षे थांबण्याचे कारण नाही. केदारनाथच्या २०१३ सालच्या प्रलयात वाहून गेलेल्यांच्या बाबतीत चौकशी करून आधीच मृत्यूचे दाखले देण्यात आले.

राहिला पुनर्विवाहाचा प्रश्न. सात वर्षे पतीची वार्ता नाही आणि नव्या वराला सारी हकीकत सांगितली आहे, अशा स्त्रीचा दुसरा विवाह द्विभार्याप्रतिबंधाचा गुन्हा ठरत नाही. पण गुन्हा नसणे म्हणजे विवाह कायदेशीर असणे नव्हे. पहिला पती जिवंत निघाला तर हिंदू विवाह कायद्याप्रमाणे तो दुसरा विवाह रद्दबातल. म्हणून त्याच १९५५ च्या कायद्याने सात वर्षांच्या अज्ञातवासावर घटस्फोटाचा मार्ग ठेवला आहे. मुस्लिम स्त्रीसाठी १९३९ च्या कायद्याने चारच वर्षांची मुदत दिली. हुकूमनामा मात्र सहा महिन्यांनी अमलात येतो, आणि तेवढ्यात पती परतून कर्तव्ये पाळण्यास सिद्ध झाला तर तो रद्द होतो. घटस्फोटाने विवाहाची वाट निर्वेध होते, पण त्यानंतर विधवा म्हणून वारसा सांगणे अवघड जाते. पतीच्या घरातील हिस्सा हवा असेल तर विधवा म्हणून न्यायालयापुढे उभे राहावे, आणि नवा संसार मांडायचा असेल तर घटस्फोटिता म्हणून. या दोहोंतून निवड त्या स्त्रीलाच करावी लागते, आणि तीही पती आहे की नाही हे ठाऊक नसताना.