रोबो कोणासाठीं?

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त हायस्कुलाचे विद्यार्थी व पालक यांच्यापुढें प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेंतील एक व्याख्यान विद्यार्थ्यांच्या आवडीच्या विषयावर व्हावें असें ठरलें, आणि विद्यार्थ्यांनीं विषय सुचविला तो रोबोंचा! सेमिनरींत आम्हांस तर्कशास्त्र शिकविलें, लॅटिन शिकविलें. तारेला डाख कसा लावावा हें मात्र कोणीं शिकविलें नाहीं. तेव्हां रोबो कसा करावा हें सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. तो कोणीं करावा आणि कोणासाठीं करावा, एवढ्यापुरतेंच मी बोलणार आहें. हा प्रश्न मीं हवेंतून काढलेला नाहीं. महोत्सवाच्या देणग्यांतून हायस्कुलासाठीं यंत्रसाहित्य घेतलें, तेव्हांपासून कांहीं पालक मला विचारीत आहेत कीं, "फादर, हें साहित्य आपल्या मुलांपुरतेंच राहील ना? बांधकामावर आलेल्या परगांवच्या मजुरांचीं मुलेंहि त्याला हात लावणार काय?" विचारणारीं माणसें वाईट नव्हेत. पै पै करून देणगी देणाऱ्यास असें वाटणें स्वाभाविक आहे. म्हणून त्यांना उपदेश न करतां मी दूर देशींच्या एका शाळेची हकीकत सांगतों.

तत्पूर्वीं शब्दाविषयीं थोडेंसें. 'रोबो' हा शब्द इंग्रजांचा नव्हे, चेक लोकांचा आहे. कारेल चापेक या चेक लेखकानें १९२० सालीं 'आर. यू. आर.' हें नाटक प्रसिद्ध केलें, त्यांत तो प्रथम आला. आणि चापेकलाहि तो सुचविला त्याच्या चित्रकार भावानें. त्याच्या मुळाशीं असलेला 'रोबोटा' हा शब्द म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळानें करावयाची सक्तीची मजुरी. आपण तिला वेठ म्हणतों. ज्यांच्या आज्यापणज्यांनीं वेठ केली अशीं पुष्कळ कुटुंबें या मंडपांत बसलीं आहेत. त्यांना तरी हा शब्द परका वाटूं नये.

आतां हकीकतीकडे वळूं. अमेरिकेंत डीन केमन नांवाचे एक संशोधक आहेत. रोग्याच्या शरीरांत ठराविक वेळीं आपोआप औषध सोडणारा पंप त्यांनीं तरुणपणींच तयार केला. मुलांना खेळाडूंचीं व नटांचीं नांवें पाठ असतात, शास्त्रज्ञाचें एकहि नांव ठाऊक नसतें, ही त्यांची खंत. खेळाच्या मैदानावर जो जल्लोष होतो तोच यंत्रविद्येच्या वांट्यास यावा, या हेतूनें त्यांनीं १९८९ सालीं 'फर्स्ट' नांवाची संस्था काढली. १९९२ सालीं न्यू हॅम्पशायर राज्यांतील मँचेस्टर शहरीं, एका हायस्कुलाच्या व्यायामशाळेंत, २८ संघांचा पहिला सामना झाला. आज हजारों संघ त्यांत भाग घेतात. दरवर्षी जानेवारींत नवा खेळ जाहीर होतो आणि मुलें, शिक्षक व आसपासचे इंजिनियर मिळून त्यासाठीं यंत्र उभें करतात. माणसासारखा चालणारा बोलणारा पुतळा कोणी डोळ्यांपुढें आणूं नये. चाकांवरची एक चौकट, तिला मोटारी, बॅटरी, एखादा उचलणारा हात, असें तें ओबडधोबड प्रकरण असतें.

या स्पर्धेची एक गोष्ट मला विलक्षण वाटली. तिच्यांतील सर्वांत मानाचें पारितोषिक सामना जिंकणाऱ्या यंत्राला मिळत नाहीं! तें मिळतें आपल्या शाळेबाहेरच्या लोकांसाठीं सतत झटणाऱ्या संघाला. पूर्वीं त्यास 'चेअरमन्स अवॉर्ड' म्हणत. २०२३ च्या हंगामापासून 'इम्पॅक्ट अवॉर्ड' म्हणतात. त्यासाठीं मुलांना निबंध लिहावा लागतो आणि परीक्षकांपुढें उभें राहून तोंडानें सांगावें लागतें: खालच्या वर्गांतल्या मुलांना आम्हीं काय शिकविलें, कोणत्या शाळेंत नवा संघ उभा करून दिला, आमच्यामुळें आमच्या गांवांत काय बदललें. एका वर्षाच्या धावपळीनें भागत नाहीं. मागील कित्येक वर्षांचें काम दाखवावें लागतें. संस्थेचे एक मार्गदर्शक, प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स, स्पर्धेंतील वागणुकीस जें नांव देत, त्याचा अर्थ मी 'सौजन्ययुक्त कौशल्य' असा करतों. झटून खेळावें, पण प्रतिस्पर्ध्याचा सुटा भाग मोडला तर आपल्या पेटींतला काढून द्यावा. हे फ्लॉवर्स २०१९ सालीं वारले. ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे सर्वतोमुखीं 'एमआयटी', या जगप्रसिद्ध विद्यापीठांत शिकवीत. हें नांव लक्षांत ठेवा. पुढें लागणार आहे.

अ‍ॅरिझोना राज्यांत फीनिक्स नांवाचें शहर वाळवंटांत वसलें आहे. त्याच्या पश्चिम भागांत कार्ल हेडन हायस्कूल आहे. वस्ती गरिबांची, बहुतेक घरांत बोलणें स्पॅनिश. तेथें फ्रेडी लाजवर्दी आणि अ‍ॅलन कॅमरन नांवाचे दोन शिक्षक होते. लाजवर्दी स्वतः अगदीं लहानपणीं इराणांतून आलेले, आणि शिकवीत समुद्रविज्ञान. समुद्र शेंकडों किलोमीटर दूर, भोंवतीं निवडुंग, आणि मुलें समुद्राचा अभ्यास करीत आहेत! मला या शाळेविषयीं आपुलकी वाटली ती येथपासून.

२००४ सालीं या शिक्षकांनीं पाण्याखालीं चालणाऱ्या यंत्रांच्या एका स्पर्धेंत मुलांना उतरविलें. ही स्पर्धा 'फर्स्ट'ची नव्हे; ती सागरी यंत्रविद्येच्या 'मेट' या केंद्राची, आणि भरली कॅलिफोर्नियांत सांता बार्बरा येथील विद्यापीठांत. हायस्कुलांसाठीं खालचा गट होता. पण हरावयाचें तर मोठ्यांपुढें हरूं, असा विचार करून शिक्षकांनीं मुलांचें नांव वरच्या गटांत घातलें. त्या गटांत एमआयटीचा संघ होता. चार मुलें पुढें होतीं: ऑस्कर व्हास्केझ, क्रिस्टियन आर्सेगा, लोरेन्झो सांतिलान आणि लुईस अरांदा. आईबापांनीं लहानपणीं मेक्सिकोंतून आणलेलीं. अमेरिकेंत राहण्याचे कागद कोणापाशींहि नव्हते. एमआयटीच्या यंत्राचा खर्च सुमारे ११,००० डॉलर. यांच्या यंत्राचा सुमारे ८००. सांगाडा केला तो नळकाम करणारे वापरतात त्या पीव्हीसीच्या नळ्यांचा. त्या चिकटविण्याच्या गोंदाला इतकी घाण येई कीं, मुलांनीं यंत्राचें नांवच 'स्टिंकी', म्हणजे घाणेरड्या वासाचें, असें ठेवलें.

स्पर्धेच्या ठिकाणीं पाहतात तों विजेच्या तारा ठेवलेल्या पेटींत पाणी शिरत आहे. आतां करावयाचें काय? पुढची गोष्ट व्यासपीठावरून सांगावी कीं नाहीं असा मला क्षणभर संकोच वाटला. पण ती वगळली तर हकीकत लंगडी होईल. लोरेन्झोला सुचलें कीं, पाणी शोषून घेणारी वस्तु पेटींत घालावी. आणि स्त्रियांना मासिक काळांत लागणाऱ्या कापसाच्या गुंडाळ्यांइतकी शोषक वस्तु दुसरी नाहीं. त्यानें लाजत लाजत दुकान गांठलें, तेथील एका बाईला विचारून त्या आणल्या आणि पेटींत बसविल्या. तारा कोरड्या राहिल्या. तलावाच्या तळाशीं बुडालेल्या पाणबुडीचा देखावा होता. तिची लांबी मोजावयाची, खोली सांगावयाची, पिंपांतल्या द्रवाचा नमुना आणावयाचा. शिवाय लेखी अहवाल आणि इंजिनियरांपुढें तोंडी परीक्षा. निकाल लागला तेव्हां एकंदर पहिला क्रमांक कार्ल हेडन हायस्कुलाचा आणि दुसरा एमआयटीचा. उत्तम तांत्रिक लेखनाचें बक्षीसहि याच मुलांना मिळालें. आणि त्यांच्या घरची भाषा इंग्रजी नव्हती हें मीं आतांच सांगितलें. या हकीकतीवर पुढें पुस्तक झालें, २०१५ सालीं 'स्पेअर पार्ट्स' हा चित्रपटहि निघाला.

चित्रपट येथें थांबतो तें ठीक. तुम्हीं आम्हीं येथें थांबून चालणार नाहीं. त्या विजयानंतर शाळेचा संघ आटोपला नाहीं. 'फॅल्कन रोबोटिक्स' या नांवानें तो 'फर्स्ट'मध्यें खेळत राहिला आणि वस्तींतल्या मुलांना या कामाकडे ओढीत राहिला. २००८ सालीं अटलांटा येथील अंतिम मेळाव्यांत, मीं वर सांगितलेलें तें सर्वोच्च मानाचें 'चेअरमन्स अवॉर्ड' याच संघाला मिळालें. एमआयटीवरचा जय मला मोठा वाटतो. हा दुसरा मान त्याहून मोठा वाटतो. जय एका दिवशीं मिळूं शकतो, कधीं कधीं कापसाच्या गुंडाळीनेंहि मिळतो. चार वर्षें शेजाऱ्यांच्या मुलांपाशीं बसणें निराळें.

आतां त्याच काळांतली दुसरी बाजू पाहा. २००६ च्या नोव्हेंबरांत अ‍ॅरिझोनाच्या मतदारांनीं मोठ्या बहुमतानें एक प्रस्ताव मंजूर केला. कागद नसलेल्या विद्यार्थ्यांस राज्यांतील रहिवाशांची सवलतीची फी मिळूं नये, सरकारी मदतहि मिळूं नये. परक्या राज्यांतून आलेल्यासारखी कित्येक पट फी त्यांच्यावर पडली. क्रिस्टियनला विद्यापीठ सोडावें लागलें. ज्या वस्तीला या मुलांनीं नांव मिळवून दिलें, त्या वस्तीच्या राज्यानें त्यांना सांगितलें कीं, तुम्ही आमचे नव्हेत. ऑस्करनें २००९ सालीं यंत्रविद्येची पदवी घेतली आणि सर्व कायदेशीर व्हावें म्हणून आपण होऊन मेक्सिकोची वाट धरली. तेथें त्याला कळलें कीं, परत येण्यास दहा वर्षें बंदी आहे! पत्नी व लहान मुलगी मागें राहिलेली. सिनेटर डिक डर्बिन यांनीं त्याची बाजू उचलून धरली. २०१० सालीं त्याला परवानगी मिळाली. परत आल्यावर हा गृहस्थ काय करतो? ज्या देशानें आपणांस दारांत अडविलें त्याच देशाच्या सैन्यांत भरती होतो आणि अफगाणिस्तानांत जातो. अ‍ॅरिझोनाच्या मतदारांनीं तो फीचा नियम २०२२ सालीं स्वतःच फिरविला. मधलीं सोळा वर्षें ज्यांचीं गेलीं, त्यांना तीं कोण परत देणार?

अफगाणिस्तानचें नांव निघालें म्हणून आणखी एक गोष्ट, थोडक्यांत. तेथील हेरात शहरीं मुलींचा एक रोबो-संघ होता. २०१७ सालीं अमेरिकेंतल्या स्पर्धेला जाण्याचा परवाना त्यांना दोनदां नाकारला गेला आणि मग मोठ्या गवगव्यानंतर मिळाला. २०२० सालीं कोरोनाची सांथ आली, तेव्हां या मुलींनीं टोयोटा कोरोला मोटारीचे भाग वापरून श्वासोच्छ्वासाचें स्वस्त यंत्र तयार केलें. त्याचा आराखडा घेतला होता एमआयटीनें सर्वांस मोकळा करून दिलेला. हायस्कुलाच्या मुलांकडून हरलेलें विद्यापीठ तेंच हें. सौजन्य म्हणतात तें याला. पुढच्याच वर्षीं राज्य पालटलें आणि संघांतल्या कित्येक मुलींना देश सोडून कतारला जावें लागलें.

आपल्या देशांत २०१६ पासून 'अटल टिंकरिंग लॅब' या योजनेखालीं हजारों शाळांना यंत्रशाळा मिळाल्या, दर शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत मदत. पुष्कळ ठिकाणीं चांगलें काम चालतें. पण एका शाळेंत मीं असें पाहिलें कीं, सारें साहित्य कांचेच्या कपाटांत, कपाटाला कुलूप आणि किल्ली पाहुणे आले म्हणजे निघावयाची. मुलें कांचेला नाक लावून उभीं. आपल्याकडे तसें कपाट करावयाचें नाहीं, हें व्यवस्थापक मंडळानें मान्य केलें आहे. आणि ज्यांनीं मला प्रश्न विचारला त्या पालकांना माझें उत्तर असें कीं, हायस्कुलाच्या पटावर ज्याचें नांव आहे तें प्रत्येक मूल संघांत येऊं शकेल. बाप गवंडी असो, रेतीवर असो, कोणत्याहि गांवचा असो. देणगीदारांपैकीं कोणास हें पटत नसेल तर त्यांनीं मला खुशाल भेटावें, बसून बोलूं. निर्णय मात्र झालेला आहे.

मुलांनीं पहिलें काम स्वतः निवडलें आहे. किनाऱ्याकडच्या विहिरींचें पाणी खारट होत चाललें, अशी ओरड तुम्ही नित्य करतां. पण कोणती विहीर किती खारट, कोणत्या महिन्यांत, याची नोंद कोणापाशींहि नाहीं. नववींतल्या एका मुलीनें सुचविलें कीं, खारें पाणी वीज अधिक वाहून नेतें, तेव्हां तेवढ्यावरून मोजणारें लहानसें यंत्र दोरीनें विहिरींत सोडतां येईल आणि ठराविक वेळीं तें आपोआप आंकडा टिपील. या मुलीचे वडील बांधकामावर काम करतात. त्यांच्या खोलीला विहीर नाहीं, नळहि नाहीं. पहिल्या फेरींत वीस विहिरी घ्यावयाच्या आहेत. ज्यांना आपली विहीर द्यावयाची असेल त्यांनीं येत्या शनिवारीं सायंकाळीं प्रार्थनेनंतर हायस्कुलाच्या कचेरींत नांव लिहवावें, विहिरीची खोली हातांत मोजून आणावी, आणि मुलें येतील तेव्हां कुत्रें बांधून ठेवावें.