एकाच जहाजावरचे दोन जिने



मला भाषणाची सवय नाही. इंजिन रूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला ओरडून बोलायची सवय असते, तेव्हा माईक थोडा लांब ठेवतो.

ओरत्तनाडु मला नवीन नाही. माझे चुलते गलाईच्या धंद्यासाठी आपल्या विट्याकडून इकडे आले, तेव्हा मी शाळेत होतो. दोन उन्हाळे मी त्यांच्या दुकानात भट्टीसमोर काढले. रविवारी सुट्टी मिळाली की सरफोजीराजांनी बांधलेल्या मुक्तांबाळ छत्रमच्या सावलीत जाऊन झोपायचो. एकदा चुलत्यांनी पट्टुकोट्टईच्या पुढे मनोरा दाखवायला नेलं. सरफोजीराजांनीच १८१४ च्या सुमारास समुद्रकाठी उभारलेला आठ मजल्यांचा मनोरा. तमिळ माणसंही त्याला मनोराच म्हणतात, याचं मला फार अप्रूप वाटलं. खानापूर तालुक्यातल्या दुष्काळी पोरानं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तिथे.

आजचा विषय मंडळानं ठरवून दिला. आपल्यातल्या दोन मुलांना नेव्हीत जायचं आहे आणि त्यांचे वडील विचारतात, "सेलर होऊन पुढं काय? जन्मभर सलामच ठोकायचा का?" प्रश्न रास्त आहे.

नेव्हीत शिरायचे दरवाजे दोन. एक अधिकाऱ्यांचा: बारावीनंतर खडकवासल्याची एनडीए, नाहीतर केरळातली एझिमलाची अकादमी, किंवा पदवी घेऊन थेट. दुसरा सेलरचा. त्याचं पहिलं प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्काला. २०२२ पासून सेलरची भरती अग्निवीर म्हणून होते. मुदत चार वर्षांची, आणि त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना पुढे कायम घेतात. मुलीही यात आहेत. वडीलधाऱ्यांनी हा चार वर्षांचा हिशेब नीट समजून घ्यावा. मी १९८९ साली गेलो तेव्हा हा प्रश्न नव्हता.

या दोन दरवाजांच्या मध्ये एक आतला जिना आहे आणि तो फार जणांना माहीत नसतो. तरुण सेलर कामात, अभ्यासात चांगला असेल तर त्याला सीडब्ल्यू, म्हणजे कमिशनला लायक, म्हणून पुढे पाठवतात. अनुभवी सेलरसाठी एसडी, स्पेशल ड्यूटीज, अशी वेगळी यादी असते; त्यासाठी खात्याची परीक्षा द्यावी लागते. दोन्हींत सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड चुकत नाही. मानद कमिशन ही याहून निराळी गोष्ट. नोकरीच्या शेवटी काही मास्टर चीफना २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला ते मिळतं. तो मोठा सन्मान आहे, पण तो शेवटाला मिळतो. मी सांगतोय ते मधल्या वयात पुन्हा पहिलीत बसण्याबद्दल.

मी एसडी. चिल्का झालं, मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत इंजिनाचं शिक्षण, आणि मग माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या लिअँडर जातीच्या जहाजाची बॉयलर रूम. ही जहाजं वाफेवर चालायची. आता ती सगळी सेवेतून गेली. बॉयलर रूममध्ये पहिल्या दिवशी उतरलो तेव्हा बाकीची पोरं उष्म्यानं घाबरी झाली. मला मात्र वाटलं, चुलत्यांच्या दुकानात आलो. मूस फुटणार की टिकणार हे आवाजावरून ओळखणाऱ्या माणसाच्या हाताखाली शिकलेलं पोर बॉयलरचा आवाज लवकर ओळखतं. तिथले चीफ मला 'सोनार' म्हणायचे. गलाईवाला आणि सोनार यातला फरक मी त्यांना शेवटपर्यंत समजावू शकलो नाही.

बोर्डाला पहिल्यांदा भोपाळला गेलो. पाच दिवस. छातीवर नंबर लावतात, नाव राहत नाही. पडद्यावर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची. शेवटचा पडदा कोरा असतो, त्यावर स्वतःच्या मनानं लिहायचं. मी एका शूर कॅप्टनची गोष्ट लिहिली आणि नापास होऊन परतलो. त्याच एका गोष्टीमुळे नापास झालो असं नाही, पण मेसमध्ये "या साहेब, जेवण वाढू का?" अशी थट्टा महिनाभर चालली. दुसऱ्या खेपेला बंगळूरला कोऱ्या पडद्यावर मी गलाईच्या दुकानातल्या पोराची गोष्ट लिहिली. तेजाबाचा वास, शेठ गावाला गेलेला, आणि दुकान पोरानं सांभाळलेलं. ती मला विचार न करता सुचली. २००४ साली, तेहतीसाव्या वर्षी, मी सब लेफ्टनंट झालो.

पगार वाढतो, घर मोठं मिळतं, ते सांगत बसत नाही. अवघड असतं ते जेवणाचं टेबल बदलणं. पंधरा वर्षं ज्यांच्याबरोबर एका ताटात खाल्लं, ते सेलर मेसमध्ये राहतात आणि आपण वॉर्डरूममध्ये काटा-चमचा सांभाळत बसतो. शेजारी तेवीस वर्षांचा अधिकारी असतो. त्याला इंजिन कमी कळतं, पण हुकूम द्यायला तो बिचकत नाही. आपल्या तोंडून मात्र "जरा बघता का" असंच निघतं.

सेलर आणि अधिकारी यांच्यातलं हे अंतर एके काळी किती होतं, ते मुंबईनं पाहिलंय. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' तळावरच्या सेलरांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांची अपमानाची भाषा यांविरुद्ध काम थांबवलं आणि बघता बघता ते लोण कराचीपर्यंत गेलं. स्वतंत्र भारताच्या नौदलात चित्र बदललं. आज प्रत्येक सेलरला एक डिव्हिजनल ऑफिसर असतो. त्याची रजा, घरची अडचण, बढती, सगळं या अधिकाऱ्यानं पाहायचं. व्यवस्था उत्तम आहे. ती चालवणारा माणूस कच्चा असला तर काय होतं, ते आता सांगतो. तो कच्चा माणूस मीच.

मी अधिकारी होऊन वर्ष झालं नव्हतं. माझ्याच डिव्हिजनमध्ये बॉयलर रूमपासूनचा माझा जोडीदार होता, पेटी ऑफिसर, आपल्याच सांगलीकडचा. जहाज तीन दिवसांनी निघणार होतं. तो केबिनच्या दारात उभा राहिला. एरवी एकटे असलो की "अरे" म्हणायचा, त्या दिवशी "सर" म्हणाला. आई सांगलीला दवाखान्यात होती, रजा हवी होती. माणसं कमी होती हे खरं. पण माझ्या मनात आलं ते वेगळंच: गाववाल्याला झुकतं माप दिलं असं लोक म्हणतील. सेलरचा अधिकारी झाला, पण सेलरच राहिला, असं म्हणतील. मी म्हणालो, "परत आल्यावर बघू." अर्ज मी वर नेलाच नाही. तो "आय आय सर" म्हणाला आणि वळला.

अकराव्या दिवशी संदेश आला. त्याची आई गेली होती. आम्ही भर समुद्रात.

रात्री कमांडिंग ऑफिसरनी मला बोलावलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस? मी त्याला सोडला असता." मी उत्तर दिलं नाही. त्या तेवीस वर्षांच्या पोरानं तो अर्ज त्याच दिवशी वर नेला असता, कारण कोण काय म्हणेल याची त्याला भीती नव्हती. खांद्यावर पट्टी माझ्याही होती, पण मनात मी अजून सेलर मेसच्या दारात उभा होतो, कुणी हसेल का हे बघत.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकही अर्ज माझ्या टेबलावर राहू दिला नाही. काही अर्ज खोटेही निघाले, लग्नाच्या नावाखाली जत्रा गाठणारे. चालायचंच.

निवृत्त झाल्यावर त्याच्या घरी गेलो. आईच्या फोटोखाली बसून चहा घेतला. त्यानं विषय काढला नाही. मीच काढला, तर म्हणाला, "सर, त्या वेळी माणसं खरंच कमी होती." हे त्याचं मोठेपण, की मला दिलेली शिक्षा, मला अजून ठरवता येत नाही. दर गणपतीला मी फोन करतो. गावात आम्ही एकाच वयाचे, पण तो अजून "सर"च म्हणतो.

तेव्हा पालकांनो, जिना आहे आणि तो चढता येतो. मी चढलोय. पोरांना फक्त सलामाचा हिशेब सांगू नका.

आणि पोरांनो, आधी पोहायला शिका. बाकी काय विचारायचं ते विचारायला या. मी अजून चार दिवस चुलतभावाच्या दुकानी आहे. सकाळी भट्टी पेटायच्या आत या. एकदा पेटली की मी बाहेर निघत नाही.

गणपती बाप्पा मोरया!