ओळखीचे नट आणि कुटुंबाचा चित्रपट

२० सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे अनंत चतुर्दशीनंतर तीनच दिवसांनी, सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘नवरा माझा नवसाचा २’ प्रदर्शित झाला. त्याच दिवशी राष्ट्रीय चित्रपट दिन असल्यामुळे देशातील अनेक बहुपडदा चित्रपटगृहांनी तिकीट ९९ रुपयांवर आणले होते. करंजाडेसारख्या वसाहतीतील कुटुंबासाठी हा योग महत्त्वाचा ठरतो, कारण आजी, आईवडील आणि मुले असे पाच-सहा जण निघायचे म्हटले, की तिकिटे, रिक्षा आणि मध्यंतरातील खाणे यांचा हिशेब झाल्याशिवाय बेत पक्का होत नाही. एवढा खर्च करताना अशी कुटुंबे पुष्कळदा कथेची चौकशी न करता त्यात कोण कोण आहे एवढेच विचारतात, आणि ही चौकशी भाबडी नसून तिच्यामागे चित्रपट पाहण्याची एक जाणती रीत आहे.

करंजाडे ही पनवेलला लागून असलेली सिडकोची वसाहत आहे. मूळ गावाभोवती उभ्या राहिलेल्या इमारतींत ठिकठिकाणांहून कुटुंबे राहायला आली आहेत, आणि नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या गावांतील काहींचे पुनर्वसनही याच परिसरात झाले आहे. ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) मधील जोडपे नवस फेडण्यासाठी मुंबईहून एसटीने गणपतीपुळ्याला निघते, तर दुसऱ्या भागातला प्रवास कोकण रेल्वेने होतो. एसटीचा महामार्ग आणि कोकणात उतरणाऱ्या गाड्या या दोन्ही वाटा पनवेलवरूनच जात असल्यामुळे, गणपतीला गावी जाऊन नुकत्याच परतलेल्या येथील प्रेक्षकाला पडद्यावरचा प्रवास स्वतःच्या प्रवासाला जोडून घ्यायला फारसे कष्ट पडत नाहीत.

तथापि या चित्रपटातील खरी ओढ नटांची आहे. पहिल्या भागात एसटीचा कंडक्टर झालेले अशोक सराफ दुसऱ्या भागात रेल्वेचे तिकीट तपासनीस होऊन येतात, तेव्हा खाकीच्या जागी काळा कोट आला, हे कोणी न सांगताही प्रेक्षागृहाला कळते आणि त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच शिट्ट्या, टाळ्या आणि ‘अशोकमामा आले’ असा गलबला उठतो. अमेरिकी नाट्याभ्यासक मार्विन कार्लसन यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात या अनुभवाची मीमांसा केली आहे. नट नव्या भूमिकेत आला तरी त्याच्या आधीच्या भूमिका प्रेक्षकाच्या मनात जाग्या होऊन नव्या भूमिकेवर सावलीसारख्या पसरतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मराठीत त्याला ‘पूर्वभूमिकांची छाया’ म्हणता येईल. कार्लसन यांचे विवेचन मुख्यतः रंगभूमीविषयी असले, तरी दूरदर्शन आणि पुढे झी टॉकीजसारख्या वाहिन्यांवर तेच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिलेल्या मराठी घरांना ते अधिकच लागू पडते, कारण तेथे नटाच्या जुन्या भूमिका आठवणीत विरत नाहीत, त्या जेवताना समोर चालू असतात.

ही छाया नेहमीच हसवणारी नसते, याकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मध्ये अशोक सराफ, सचिन, लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे असे चौघे एका घरात राहत होते. त्यांपैकी सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे हे दोघेही २००४ या एकाच वर्षी, मार्च आणि डिसेंबर महिन्यांत, निवर्तले. त्यामुळे २०२४ मध्ये सचिन आणि सत्त्याहत्तर वर्षांचे अशोक सराफ एका चौकटीत दिसले, की जाणता चाहता उरलेल्या दोघांची जागा मनाशी मोजतो. पडद्यावरील जोडपे असलेल्या सचिन आणि सुप्रिया यांच्या लुटुपुटुच्या भांडणाला मिळणारा हशाही असाच दुपदरी आहे, कारण ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४) नंतर या दोघांनी प्रत्यक्षात संसार थाटला, हे सभागृहातील आईला पक्के ठाऊक असते आणि अंधारात ती ते लेकीच्या कानात सांगतेही. शेजारच्या प्रेक्षकाला कुजबुज वाटणारे हे बोलणे वस्तुतः नटांच्या चरित्राची तोंडी परंपरा आहे, आणि ती कुटुंबाने एकत्र बसून पाहिल्याशिवाय चालू राहत नाही.

अर्थात आपुलकीमुळे पटकथेतील ढिलेपणा झाकला जाऊ शकतो, हा आक्षेप खरा आहे. पण चाहता तो ढिलेपणा पाहत नाही, असे मानणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. घरी परतताना ‘पहिल्याची सर नाही’ असे म्हणणारा आणि तरीही तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणणारा माणूस कथेचे आणि भेटीचे मोल वेगवेगळे मोजत असतो.

मुलांच्या बाबतीत मात्र पूर्वभूमिकांच्या छायेचा क्रम उलटा होतो. ज्यांची अशोक सराफ यांच्याशी पहिली ओळख ‘वेड’ (२०२२) मधून किंवा या काळ्या कोटातून झाली, ती मुले मागे मागे जात ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये त्यांनीच रंगवलेल्या १९८८ च्या धनंजय मानेपर्यंत पोहोचतात, आणि म्हाताऱ्या नटाची छाया तरुण नटावर पडलेली पाहतात. हा अनुभव त्यांच्या आजीला कधीच मिळालेला नाही.