विजेच्या जाळ्यांचा इतिहासकार

तंत्रज्ञानाच्या इतिहासाला स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभे करणाऱ्यांत थॉमस ह्यूज (१९२३–२०१४) यांचे स्थान वरचे आहे. व्हर्जिनिया विद्यापीठात त्यांनी आधी यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९५३ साली आधुनिक युरोपच्या इतिहासात डॉक्टरेट मिळवली. अभियंत्याने दप्तरखान्यात जाऊन बसणे ही तेव्हा आडवाटच होती. १९७३ पासून ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होते.

१९८३ च्या ‘नेटवर्क्स ऑफ पॉवर’ या ग्रंथात १८८० ते १९३० या काळातील विद्युतीकरणाचा इतिहास आहे. एडिसनच्या दिव्याची कथा तिथे तांब्याच्या हिशेबावर येऊन ठेपते. कमी रोधाच्या दिव्याला जास्त प्रवाह लागतो. मग तारा जाड घ्याव्या लागतात आणि धंदा बुडतो. म्हणून एडिसन जास्त रोधाच्या तंतूच्या मागे लागला. प्रतिभेइतकेच श्रेय इथे आकडेमोडीला द्यावे लागते.

ग्रंथाचा खरा कस शहरांच्या तुलनेत लागतो. शिकागोत सॅम्युएल इन्सलने दिवसा ट्राम आणि कारखाने, संध्याकाळी दिवे अशी गिऱ्हाइके जोडून यंत्रे रिकामी राहू दिली नाहीत. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या लंडनमध्ये मात्र ६५ वीजसंस्था, ७० केंद्रे आणि १० निरनिराळ्या वारंवारता होत्या. शास्त्र तेच होते. स्थानिक मंडळांना आपापला अधिकार सोडायचा नव्हता.

ह्यूज यांच्या मांडणीत योजणारे आणि चालवणारे ठळक दिसतात, वीज वापरणारा फारसा दिसत नाही. ही उणीव मुंबईत विशेष जाणवते. टाटांच्या खोपोली केंद्राची वीज १९१५ साली गिरण्यांना मिळू लागली, हा इतिहास ह्यूज यांच्या पद्धतीने उत्तम लिहिता येईल. पण त्याआधीच, १९०५ च्या सुमारास, गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि कामाचा दिवस सूर्यास्तापलीकडे गेला. चौदा-पंधरा तास राबणाऱ्या कामगारांचा प्रश्न चौकशी समितीपर्यंत पोहोचला, आणि १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली. विजेच्या इतिहासाचे हे पान अभियंत्यांच्या नोंदींइतकेच कामगार-दप्तरात शोधावे लागते.