मॅडमचाही गट हवा

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक अकरावीला मानसशास्त्र शिकते. मन आजारी पडलं की आपण 'बाहेरचं झालं' म्हणतो. ती म्हणते, डॉक्टरांकडे चला. पण तिच्या कॉलेजात या विषयाच्या मॅडम एकट्याच. अडलं तर त्यांनी कुणाला विचारायचं?

अमेरिकेतही हायस्कूलमध्ये मानसशास्त्राचा शिक्षक बहुतेकदा एकटाच. म्हणून १८९२ साली स्थापन झालेल्या तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं १९९२ मध्ये अशा शिक्षकांसाठी समिती काढली. ती पाठांचे आराखडे देते, शिक्षकांची एकमेकांशी गाठ घालून देते.

म्हणजे बचत गटच की! दहा जणी जमलो तेव्हाच आम्ही बँकेची पायरी चढलो. आपल्या तालुक्यातल्या या शिक्षकांनीही महिन्यातून एकदा एकत्र बसावं. जागा आणि चहा आमच्याकडे!