मुलांना घेऊन घाट उतरताना

मे महिन्यात कोकणात निघालात आणि आंबा घाट किंवा फोंडा घाट लागला, की मागून हाक येते, "आई, मळमळतंय!" याचं मूळ पोटात नाही, कानात आहे. आतल्या कानाला वळणं जाणवतात, पण डोळे मोबाईलवर खिळलेले. दोघांचे निरोप जुळत नाहीत आणि मेंदू गोंधळतो. म्हणून घाटात मोबाईल बंद. खिडकी उघडा, नजर लांबच्या डोंगराकडे. एसटीत शेवटची, चाकावरची सीट टाळून मधली धरा. निघताना पोट रिकामं नको आणि मिसळीनं भरलेलंही नको. दशमी, इडली बरी. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, घाटाच्या बऱ्याच आधी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. पिशवी, ओला नॅपकिन, जादा सदरा हाताशी असू द्या. नेमकं हेच सामान डिकीतल्या मोठ्या बॅगेच्या तळाशी जातं!

घाटाऐवजी रेल्वेनं निघालात, तर पाच वर्षांखालच्या मुलाला, स्वतंत्र बर्थ घेतला नाही तर, तिकीट लागत नाही. पाच ते बाराच्या आतल्यांना स्लीपरमध्ये बर्थ हवा तर पूर्ण भाडं, नको तर अर्धं. रात्रीच्या प्रवासाला सरळ पूर्ण भाडं भरावं. आठ वर्षांचं मूल आईच्या पायाशी कोंबलं की दोघांचीही झोप जाते. गर्दीच्या स्टेशनवर उतरण्याआधी मुलाच्या खिशात आपल्या फोन नंबरची चिठ्ठी घाला. आणि चुकामूक झालीच, तर १३९ ही रेल्वेची आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.